झुनीच्या शाळा, राज्याची वजावट आणि पर्सेंटाइलचा खटला

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या पश्चिम टोकाला गॅलप नावाचं रेल्वेचं गाव आहे. जुना रूट ६६ हमरस्ता या गावातूनच जायचा. तिथून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर झुनी प्वेब्लो लागतं. झुनी ही तिथली मूळनिवासी जमात. तिची भाषा जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही, आणि चांदीत फिरोजा जडवून दागिने घडवणारे तिचे कारागीर दूरवर प्रसिद्ध आहेत. आपला संबंध मात्र त्यांच्या शाळांशी आहे. १९८० साली झुनी लोकांनी गॅलप-मॅकिनली या अवाढव्य स्कूल डिस्ट्रिक्टमधून आपल्या शाळा वेगळ्या काढल्या आणि स्वतःचं डिस्ट्रिक्ट उभं केलं. कागदोपत्री त्याचं नाव झुनी पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्ट क्रमांक ८९. हे नाव पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं, आणि आज कायद्याचे विद्यार्थी हा खटला अभ्यासतात तो वाक्यरचनेच्या वादासाठी. खटला मुळात पैशांचा होता, हे त्यात बरंचसं विसरलं गेलं.

कर लागत नाही अशी जमीन

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाचा पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून येतो. गावात घरपट्टी किती गोळा झाली यावर तो अवलंबून नसतो. अमेरिकेत चित्र बरंच उलटं आहे. तिथे स्कूल डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचं निवडून आलेलं मंडळ असतं, तिची हद्द असते, आणि त्या हद्दीतल्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर, शेतजमिनीवर बसणाऱ्या मालमत्ता करावर तिची मोठी भिस्त असते. हद्दीत बंगले आणि मॉल असले तर शाळा श्रीमंत, माळरान असलं तर शाळा गरीब.

आता त्याच हद्दीत केंद्र सरकारची जमीन आली की काय होतं? केंद्राच्या मालमत्तेवर राज्याला किंवा स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. लष्करी तळ असो, धरण असो, राष्ट्रीय वन असो, वहीत उत्पन्न शून्य. मुलं मात्र शाळेत येतातच. न्यूयॉर्क राज्यात वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशेजारी हायलंड फॉल्स नावाचं छोटं डिस्ट्रिक्ट आहे. तिथली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन करमुक्त आहे. उरलेल्या तुकड्यावर राहणाऱ्यांनी किती कर भरावा?

दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर शीतयुद्धात लष्करी तळ भराभर वाढले तेव्हा हा प्रश्न देशभर पेटला. सप्टेंबर १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी दोन कायद्यांवर सह्या केल्या, एक शाळांच्या बांधकामासाठी आणि दुसरा रोजच्या खर्चासाठी. या योजनेला पुढे ‘इम्पॅक्ट एड’ हे नाव रूढ झालं. पन्नासच्या दशकातच मूळनिवासींच्या राखीव जमिनींवर राहणारी मुलंही तिच्यात आली, कारण या जमिनी केंद्र सरकार जमातीच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतं आणि त्यांवरही राज्याचा मालमत्ता कर चालत नाही.

कायद्यात मदतीचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला जमिनीचा. १९३८ नंतर केंद्राने जमीन घेतली असेल, आणि घेतली त्या वेळी तिची किंमत डिस्ट्रिक्टमधल्या एकूण मालमत्तेच्या किमान १० टक्के असेल, तर बुडालेल्या कराची अंशतः भरपाई मिळते. दुसरा मुलांचा. पालक लष्करात आहेत, किंवा कुटुंब केंद्राच्या वा राखीव जमिनीवर राहतं, अशी मुलं मोजायची आणि त्यावर अनुदान काढायचं. झुनींचं रिझर्व्हेशन १८७७ सालचं. १९३८ची अट ते कुठून पुरी करणार? त्यामुळे झुनी डिस्ट्रिक्टला पैसा मिळतो तो जमिनीच्या नव्हे, मुलांच्या हिशेबाने.

मोजणीत मुलांना वेगवेगळं वजन असतं. तळावरच राहणाऱ्या सैनिकाचं मूल १ धरलं जातं, तळाबाहेर राहणाऱ्याचं ०.२०. राखीव जमिनीवरचं मूल १.२५. या जास्तीच्या पावाचा मुद्दा पुढे लागणार आहे. मोजणीची पद्धत अगदी कारकुनी आहे. एक तारीख ठरवायची आणि त्या दिवशी पटावर असलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी फॉर्म पाठवायचा. मूल राहतं कुठे, पालक काम कुठे करतात, खाली पालकाची सही आणि तारीख. सही नाही, किंवा सहीची तारीख सर्व्हेच्या आधीची आहे, तर ते मूल मोजणीतून बाद. जिथे घरांना क्रमांक नाहीत आणि पत्ता म्हणजे ‘पाण्याच्या टाकीजवळून डावीकडे’ असतो, तिथे फॉर्म गोळा करण्यात शाळेच्या ऑफिसातल्या माणसांचे आठवडेच्या आठवडे जातात. म्हणून जमातीच्या कार्यालयाकडून एकगठ्ठा दाखला घेण्याची सोयही ठेवलेली आहे.

हा पैसा वॉशिंग्टनहून थेट डिस्ट्रिक्टच्या खात्यात येतो. राज्याच्या शिक्षण विभागातून फिरून येत नाही. अमेरिकेच्या शालेय अनुदानांत हे अपवादाने घडतं. देशभरासाठी सध्याची तरतूद वर्षाला सुमारे १.६ अब्ज डॉलर आहे. कायद्याच्या सूत्राप्रमाणे जितकं देणं निघतं तितकी तरतूद सत्तरच्या दशकापासून कधीच झालेली नाही, म्हणून प्रत्येकाचा वाटा प्रमाणात कापला जातो.

राज्य म्हणालं, तेवढे आम्ही कमी देऊ

आता गोष्टीतली खरी गाठ. न्यू मेक्सिको हे अमेरिकेतल्या इतर राज्यांसारखं वागत नाही, आणि एका अर्थाने ते जास्त न्यायाने वागतं. श्रीमंत आणि गरीब डिस्ट्रिक्टमधली दरी भरायची म्हणून १९७४ साली या राज्याने कायदा केला की शाळांचा चालू खर्च मुख्यतः राज्याने उचलायचा. प्रत्येक डिस्ट्रिक्टला किती पैसा लागेल हे सूत्राने ठरतं. विद्यार्थी किती, कोणत्या इयत्तेत, विशेष गरजा असलेले किती, शाळा किती लहान, या सगळ्यांना वजनं असतात. या रकमेतून डिस्ट्रिक्टचं स्थानिक उत्पन्न वजा करायचं आणि उरलेला आकडा राज्याने द्यायचा. गावाने गोळा केलेल्या अर्ध्या मिलच्या मालमत्ता कराचा, म्हणजे हजार डॉलर करपात्र मूल्यामागे अर्ध्या डॉलरचा, बराचसा भाग असा वजा व्हायचा. मग राज्य म्हणालं, इम्पॅक्ट एड हा स्थानिक कराच्या जागी येणारा पैसा, तर तोही वजा व्हायला हवा. हा वाटा बरीच वर्षं ७५ टक्के होता.

कल्पित आकडे घेऊन पाहू. सूत्राने डिस्ट्रिक्टला १०० डॉलर लागतात असं ठरलं. केंद्राकडून त्याला २० आले. राज्य त्यातले १५ वळते करून ८५ देणार. डिस्ट्रिक्टच्या हातात १०५. शेजारच्या ज्या डिस्ट्रिक्टला केंद्राचा छदामही नाही त्याच्या हातात १००. म्हणजे केंद्राने वीस पाठवले, पैकी मुलांपर्यंत पाच पोचले, आणि पंधरांनी राज्याच्या तिजोरीचा भार हलका केला. राखीव जमिनीवरच्या मुलांचा तो जास्तीचा पाव वजन आणि विशेष शिक्षणाची रक्कम यांना हात लावायला केंद्राच्या कायद्याने मनाई होती, पण मूळ रक्कम वजावटीत जायची.

सगळ्या राज्यांना असं करायची मुभा नाही. मुळात कायद्याने ते निषिद्धच आहे. केंद्राची मदत बघून राज्याने आपला हात आखडता घ्यायचा नाही, हा साधा नियम. अपवाद एकच, राज्याने सगळ्या डिस्ट्रिक्टमधला खर्च खरोखर जवळपास समान केलेला असेल तर. अशी समानता साधलेल्या राज्यात एकालाच वरून जादा पैसा मिळाला तर उलट विषमता तयार होईल, हे त्यामागचं कारण. खटल्याच्या वेळी ही सवलत घेणारी राज्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. अलास्का, कॅन्सस आणि न्यू मेक्सिको.

राज्याची बाजू मला सहजी झटकून टाकावीशी वाटत नाही. चालू खर्चापुरतं बघितलं तर ती तर्काला धरून आहे. दुखणं दुसरीकडे होतं. त्याकडे वळण्याआधी खटला बघू.

पर्सेंटाइल कुणाचा?

समानता आहे की नाही हे ठरवायला कायद्यात एक कसोटी दिलेली आहे. राज्यातल्या डिस्ट्रिक्टची दर विद्यार्थी उत्पन्नाप्रमाणे उतरंड लावायची. सर्वांत वरच्याचं उत्पन्न सर्वांत खालच्यापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त नसावं. पण एखादं डोंगरातलं चिमुकलं डिस्ट्रिक्ट सगळं गणित बिघडवू शकतं. तीस पोरांसाठी अख्खी शाळा, बस, मुख्याध्यापक ठेवला की दर विद्यार्थी खर्च आभाळाला भिडतो. म्हणून दोन्ही टोकं छाटायची. कायद्यातले शब्द असे आहेत की ज्या डिस्ट्रिक्टचा दर विद्यार्थी खर्च वा उत्पन्न राज्यातल्या अशा खर्च वा उत्पन्नाच्या ९५व्या पर्सेंटाइलच्या वर किंवा ५व्या पर्सेंटाइलच्या खाली आहे, ती केंद्राच्या शिक्षणमंत्र्यांनी विचारात घेऊ नयेत.

सीईटी आणि जेईईच्या कृपेने पर्सेंटाइल आपल्याकडे घरोघरी पोचलं आहे. निकाल लागला की पहिला प्रश्न मार्कांचा नसतो, पर्सेंटाइलचा असतो. आणि कुणाच्या तुलनेत हे माहीत असल्याशिवाय पर्सेंटाइलला अर्थ नाही, हेही आपल्या पालकांना ठाऊक असतं. झुनी खटल्याचा सगळा डोलारा याच प्रश्नावर उभा होता. ५ टक्के छाटायचे ते डिस्ट्रिक्टचे की विद्यार्थ्यांचे?

डिस्ट्रिक्ट मोजायची तर हिशेब सोपा. ८९ डिस्ट्रिक्ट, वरची चार-पाच आणि खालची चार-पाच बाजूला, उरलेल्यांत सर्वांत वरच्याची आणि सर्वांत खालच्याची तुलना. या हिशेबाने न्यू मेक्सिको २५ टक्क्यांची रेषा ओलांडत होतं, म्हणजे राज्य नापास आणि वजावट बेकायदा.

केंद्राच्या शिक्षण विभागाने वेगळं केलं. १९९९-२००० या वर्षासाठी त्याने उतरंड डिस्ट्रिक्टचीच लावली, पण वरून मोजत जाताना प्रत्येक डिस्ट्रिक्टमधली मुलं मोजली. राज्यातली ५ टक्के मुलं होईपर्यंतची डिस्ट्रिक्ट वरून काढली, तशीच खालून काढली. वरची १७ डिस्ट्रिक्ट गेली, कारण उत्पन्नात वर असलेली बहुतेक डिस्ट्रिक्ट चिमुकली होती. खालची ६ गेली. उरली ६६, आणि त्यांत राज्यातली साधारण ९० टक्के मुलं होती. या ६६मध्ये सर्वांत वरच्याचं दर विद्यार्थी उत्पन्न ३,२५९ डॉलर, सर्वांत खालच्याचं २,८४८. फरक ४११ डॉलर. २,८४८चे २५ टक्के होतात ७१२. फरक १५ टक्क्यांच्याही आत राहिला. राज्य आरामात पास.

एकच राज्य, एकाच वर्षाचे आकडे, एका पद्धतीने नापास आणि दुसरीने उत्तम गुणांनी पास. झुनी आणि गॅलप-मॅकिनली या दोन्ही डिस्ट्रिक्टनी आव्हान दिलं. घर वेगळं केलेली भावंडं इथे मात्र एकाच बाजूला उभी राहिली.

विभागाच्या पद्धतीत लबाडी होती असं मला वाटत नाही. ती १९७६च्या नियमांपासून चालत आली होती, आणि तेव्हा विभागाने कारणही लिहून ठेवलं होतं. नुसत्या डिस्ट्रिक्टच्या संख्येवर छाटणी केली तर ज्या राज्यात खूप छोटी डिस्ट्रिक्ट आहेत त्याला एक न्याय आणि ज्या राज्यात थोडी मोठी आहेत त्याला दुसरा, असं होईल. लाखभर मुलांचं शहर आणि तीस मुलांचं खेडं यांना एकेकच मत देणं, सांख्यिकीच्या दृष्टीने, खरोखरच विचित्र आहे. अडचण एवढीच की १९९४ साली संसदेने कायदा नव्याने लिहिला तेव्हा त्यात पर्सेंटाइलचे वरचे शब्द आले. विद्यार्थी मोजा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. गंमत अशी की त्या शब्दांचा मसुदा शिक्षण विभागानेच संसदेकडे पाठवला होता.

दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयात तीन न्यायाधीशांच्या पीठाने २००४ साली विभागाच्या बाजूने निकाल दिला, दोन विरुद्ध एक. मग पूर्ण पीठ बसलं आणि सहा विरुद्ध सहा असं फाटलं. बरोबरी झाली की खालचा निर्णय कायम राहतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २००७ मध्ये सुनावणी झाली आणि १७ एप्रिल २००७ रोजी निकाल आला, पाच विरुद्ध चार, शिक्षण विभागाच्या म्हणजे पर्यायाने राज्याच्या बाजूने.

बहुमताचा निकाल न्या. ब्रेयर यांनी लिहिला. नेहमीचा शिरस्ता असा की आधी कायद्याचे शब्द बघायचे आणि शब्दांनी उत्तर मिळालं नाही तर हेतूकडे जायचं. ब्रेयर यांनी क्रम उलटा केला. कायद्याचा इतिहास आणि हेतू आधी, शब्द नंतर. शब्दांपाशी आल्यावर ते म्हणाले की कोणत्या गटातला पर्सेंटाइल हे कायदा सांगत नाही, तेव्हा विद्यार्थ्यांच्या गटातला असा अर्थ अशक्य नाही, आणि वाजवी अर्थ निवडायचा अधिकार विभागाला आहे. न्या. केनेडी निकालाशी सहमत होते, पण हा उलटा क्रम त्यांना पसंत पडला नाही आणि तसं त्यांनी न्या. अलिटो यांच्यासह वेगळं लिहिलं. न्या. स्टीव्हन्स त्याहून पुढे गेले. शब्द विरुद्ध असते तरी संसदेचा हेतू इतका स्वच्छ दिसतो की आपण त्याच्याच मागे गेलो असतो, अशी त्यांची भूमिका होती. न्या. स्कालिया यांनी विरोधी मत नेहमीच्या झणझणीत भाषेत लिहिलं. शब्द स्पष्ट आहेत, उतरंड डिस्ट्रिक्टची आहे, आणि न्यायालय आपल्याला रुचलेला हेतू कायद्यावर लादत आहे, हा त्याचा रोख. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स आणि न्या. थॉमस त्यांच्याबरोबर होते.

मला या सगळ्यांत न्या. सूटर यांचं छोटंसं विरोधी मत जास्त प्रामाणिक वाटतं. त्यांनी मान्य केलं की विभागाची जुनी पद्धत चालू राहावी असंच बहुधा संसदेच्या मनात होतं. पण शब्द तसं म्हणत नाहीत, आणि शब्द नि:संदिग्ध आहेत, म्हणून झुनी बरोबर.

सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा, ही १९८४च्या शेव्हरॉन निकालापासूनची शिकवण खुद्द सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली मोडीत काढली. आज झुनी खटला नव्याने उभा राहिला तर पाच-चार कुणीकडे झुकेल यावर पैज लावायला मी तयार नाही.

ज्यावर खटला नव्हताच

आता मघाचा मुद्दा. २५ टक्क्यांची कसोटी मोजते ती चालू खर्चाची समानता, म्हणजे पगार, पुस्तकं, बसचं डिझेल. शाळेची इमारत या मोजमापात येतच नाही.

न्यू मेक्सिकोत इमारती बऱ्याच अंशी स्थानिक रोख्यांतून उभ्या राहतात. डिस्ट्रिक्ट रोखे काढायचं ठरवतं, मतदार मंजुरी देतात, आणि हद्दीतल्या मालमत्तांवर जादा कर बसवून ते कर्ज फेडलं जातं. राज्यघटनेने मर्यादा घातली आहे की डिस्ट्रिक्टचं कर्ज त्याच्या करपात्र मालमत्तेच्या मूल्याच्या ६ टक्क्यांपलीकडे जाऊ नये. ज्याच्या हद्दीत तेलाच्या विहिरी किंवा शहराचा महागडा भाग आहे त्याला ६ टक्के म्हणजे कोट्यवधी डॉलर. झुनीसाठी ६ टक्के म्हणजे जवळजवळ काहीच नाही, कारण जमीन विश्वस्ताची आणि घरं विश्वस्ताच्या जमिनीवरची. गॅलप-मॅकिनलीचा व्याप हजारो चौरस मैलांचा, पण त्यातलाही मोठा भाग नावाहो जमातीचा.

श्रीमंत डिस्ट्रिक्टने रोख्यांसाठी गोळा केलेला कर राज्य वजा करत नव्हतं. फक्त तो अर्ध्या मिलचा चालू खर्चाचा कर वजावटीत होता. म्हणजे करपात्र जमीन असलेल्या डिस्ट्रिक्टच्या इमारतीचा पैसा सुरक्षित. करमुक्त जमीन असलेल्याला मात्र त्या जमिनीपोटी जी एकुलती एक भरपाई मिळायची, तिचे तीन चतुर्थांश चालू खर्चाच्या खात्यात जिरवले जायचे आणि इमारतीसाठी त्याच्याकडे ना कर उरायचा ना भरपाई. जमिनीने दोन्ही खर्चांचा स्रोत बंद केला होता. राज्याने भरपाई एकाच खर्चाची मानली. मला या प्रकरणातला अन्याय इथे दिसतो, पर्सेंटाइलमध्ये नाही. राज्याचं चालू खर्चाचं सूत्र कदाचित कोणत्याही पद्धतीने मोजलं तरी देशातल्या बऱ्यापैकी समान सूत्रांपैकी एक ठरलं असतं.

झुनींना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. इमारतींबद्दलचा दावा त्यांनी १९९८ सालीच राज्याच्या न्यायालयात लावला होता. गॅलप-मॅकिनलीही त्यात आलं. १९९९ साली न्यायालयाने ठरवलं की इमारतींच्या निधीची राज्याची पद्धत घटनेला धरून नाही. त्यानंतर राज्याने सगळ्या शाळा इमारतींची पाहणी करून, ज्यांची अवस्था सर्वांत वाईट त्यांना आधी पैसा देण्याची पद्धत आणली. खूप फरक पडला, हे मान्य करायला हवं. पण राज्याचे मानदंड वर्गखोली, छप्पर, इमारत गरम ठेवणारी भट्टी, स्वच्छतागृह इथवर पोचत होते. आपल्या मर्जीने सभागृह, चांगलं मैदान, क्रीडासंकुल बांधायला ज्याला रोखे काढता येतात तो पुढेच राहिला. तो दावा या ना त्या रूपात वीसहून अधिक वर्षं कोर्टात फिरत राहिला.

त्याच राज्यातलं दुसरं टोक बघा. लॉस अलामॉस, जिथे अणुबॉम्ब घडला. तिथली प्रयोगशाळाही केंद्राच्या जमिनीवर आहे आणि करमुक्त आहे. तिथल्या शाळांना केंद्राच्या ऊर्जा विभागाकडून दरवर्षी सुमारे ८० लाख डॉलर वेगळे मिळतात. ते इम्पॅक्ट एड या नावाने येत नाहीत, म्हणून राज्याच्या वजावटीतही आले नाहीत. शास्त्रज्ञांच्या मुलांच्या शाळेचा केंद्राचा पैसा शाबूत आणि झुनीच्या मुलांच्या शाळेचा पैसा वळता. यात कुणी वाईट हेतूने काही केलं असं म्हणायची गरज नाही. पैसा कोणत्या कलमाखाली आला एवढ्याने हे घडलं.

वीस वर्षांनी

सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर दोन्ही डिस्ट्रिक्ट गप्प बसली नाहीत. कसोटी दरवर्षी नव्याने द्यावी लागते, आणि आकडे बदलत असतात. दरम्यान जुलै २०१८ मध्ये याझी-मार्टिनेझ या दुसऱ्याच खटल्यात राज्याच्या न्यायालयाने निर्णय दिला की न्यू मेक्सिको मूळनिवासी, गरीब, इंग्रजी शिकणाऱ्या आणि अपंग मुलांना घटनेने हमी दिलेलं पुरेसं शिक्षण देत नाही. या खटल्यातल्या वादींमध्ये गॅलप-मॅकिनलीही होतं. ज्या मुलांना अपुरं शिक्षण मिळतं असं न्यायाधीश सांगतात त्याच मुलांच्या नावाने आलेला पैसा राज्य वळता करून घेतं, हे चित्र विधिमंडळात समर्थन करायला कठीण झालं.

२०२० साली केंद्राच्या शिक्षण विभागाने न्यू मेक्सिकोला समानतेच्या कसोटीत नापास ठरवलं. ज्या विभागाच्या पद्धतीने २००७ साली राज्य जिंकलं, त्याच विभागाच्या त्याच पद्धतीने. २०२१ साली विधिमंडळाने हाउस बिल ६ मंजूर केलं आणि गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशॅम यांनी त्यावर सही केली. इम्पॅक्ट एड, राष्ट्रीय वनांपोटी केंद्राकडून येणारा निधी आणि अर्ध्या मिलचा कर, तिन्ही वजावटी बंद झाल्या. इम्पॅक्ट एडची वजावट वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरच्या घरात होती. राज्याला हे परवडलं यामागे पर्मियन खोऱ्यातल्या तेलाचा हात मोठा आहे, आणि त्या तेलाचा मोठा भाग पुन्हा केंद्राच्याच जमिनीखालून निघतो.

एक तपशील सहज नजरेतून सुटतो. अर्ध्या मिलची वजावटही गेल्यामुळे करपात्र जमीन असलेल्या श्रीमंत डिस्ट्रिक्टनाही थोडा फायदा झाला. राजकारणात बहुतेक वेळा असाच सौदा जुळतो. झुनीचा हक्क मान्य व्हायला राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहराला, अल्बुकर्कीलाही काही मिळावं लागलं.

आता पूर्ण रक्कम डिस्ट्रिक्टच्या हातात राहते. तिचं पहिलं गिऱ्हाईक आहे शिक्षकांची घरं. रिझर्व्हेशनवर खासगी घरबांधणी नसल्यात जमा, भाड्याने घर मिळत नाही, आणि बाहेरून आलेल्या शिक्षकाला गॅलपहून रोज ये-जा करणं दोन-तीन वर्षांत नकोसं होतं. म्हणून डिस्ट्रिक्टलाच घरं बांधून द्यावी लागतात. राज्याच्या बांधकाम निधीच्या निकषांत ही घरं वर्षानुवर्षं बसत नव्हती, कारण शहरातल्या डिस्ट्रिक्टना त्यांची गरजच पडत नाही. इम्पॅक्ट एडवर मात्र अशी अट नाही. तो पगाराला, बसला, छपराला, शिक्षकाच्या घराला, कशालाही वापरता येतो. मात्र रोख्यांवरची ६ टक्क्यांची मर्यादा जिथल्या तिथे आहे, झुनीची करपात्र जमीन वाढलेली नाही, आणि वॉशिंग्टनहून येणारी रक्कम अजूनही प्रमाणात कापूनच येते.